समीकरणाला तडा जात नाही

७ मार्च

दादा,

तुझं पत्र पोचलं. मला नाही, समितीला. मला चार ओळी लिहायला तुला वर्षानुवर्षं सवड होत नाही, पण तलाव समितीला मात्र दोन पानं, खाली झोकदार सही. अध्यक्षांनी ते पत्र माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "घ्या. तुमच्या सख्ख्या भावाने लिहून दिलंय. आता तरी कटकट थांबवा."

कटकट म्हणजे नेमकी कसली, ते मीच तुला सांगते, कारण समितीने तुला काय कळवलं ते देव जाणे. मी या पोहण्याच्या तलावाची व्यवस्थापक आहे. माझ्या डोक्यावर जे छत आहे, खोगिरासारखं, दोन कोपरे जमिनीला टेकलेले आणि दोन हवेत, त्याचं गणित तू मांडलं होतंस. हे तू विसरला नसशीलच, तुझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो आहे. तर त्या छताला तडा गेलाय. उथळ बाजूचा कोपरा जिथे जमिनीला टेकतो तिथून निघून तो वर चढतो. हिवाळ्यात त्यात कागदाची कड जायची, आता माझं नख जातं. गेल्या आठवड्यात साबणाच्या वडीएवढा काँक्रीटचा तुकडा उथळ पाण्यात पडला. सकाळच्या वर्गातल्या एका पोरीने बुडी मारून तो वर आणला आणि माझ्याकडे बक्षीस मागितलं. मी तिला बिस्कीट दिलं आणि तो तुकडा ऑफिसच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आणि तू काय लिहितोस? "तडा पृष्ठभागापुरता असावा. छतातील भार समीकरणानुसार कडांकडे वाहून नेला जातो व तेथून जमिनीत उतरतो. मूळ गणित मी पुन्हा तपासले आहे. तलाव सुरू ठेवण्यास हरकत नाही." एवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण नाही, तुला शेवटी एक सुंदर वाक्य सुचलं: "समीकरणाला तडा जात नाही."

बरोबर आहे. तडा छताला जातो. खाली पोरं असतात.

तू काय तपासलंस? कागद. कागदाला काय धाड भरलीये? शेवटचा तू या छताखाली उभा राहिलास तेव्हा आई होती. तेव्हापासून इथे क्लोरीनची वाफ रोज वर जाते, सळयांना गंज चढतो, उन्हाने काँक्रीट फुगतं आणि थंडीने आक्रसतं, आणि तू तिकडे तुझ्या विद्यापीठात बसून उंटावरून शेळ्या हाकतोस. अध्यक्षांनी तुझं पत्र फ्रेम करून लावायचं तेवढं बाकी ठेवलंय. सूचना फलकावर आहे, पोहण्याच्या वेळापत्रकाशेजारी. पालक येतात, वाचतात, समाधानाने मान डोलावतात आणि पोरांना आत सोडतात.

तर माझं म्हणणं एवढंच. एक तर ये आणि बघ, नाही तर ती सही मागे घे. मी तलाव बंद करू शकत नाही, मला तो अधिकार नाही. तुझ्या सहीला आहे.

मी बरी आहे. बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

तुझी बहीण


१५ मार्च

दादा,

चला, निदान मला पत्र तरी लिहिलंस. शिव्या दिल्याशिवाय आपल्या घरात टपाल सुरू होत नाही.

"रागाने बोलू नकोस, गणित ही मताची गोष्ट नाही," असं लिहिलंस. बरं. शांतपणे बोलते. तुझं म्हणणं मला नीट कळलं का बघ. गणित माणसाने बनवलेलं नाही, ते आधीपासूनच आहे. आपण फक्त ते शोधून काढतो. आणि जग त्या गणिताप्रमाणे वागतं म्हणूनच तर पूल उभे राहतात आणि ग्रहणं वेळेवर लागतात. म्हणून समीकरण म्हणतं छत उभं राहील, तर छत उभं राहील. राहायलाच हवं. असंच ना?

आता माझं ऐक. मला शाळेत हौदाच्या गणितांनी किती छळलं, तुला आठवत असेल. एका नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्याने चार तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळात? तू माझं डोकं धरून ती गणितं करून घ्यायचास आणि मी रडायचे. नशिबाचा विनोद बघ, आयुष्यभर हौदच भरत बसले. आणि तुला सांगते, हा हौद तुझ्या उत्तराप्रमाणे एकदाही भरलेला नाही. दोन्ही नळ सोडले की टाकीतला दाब कमी होतो आणि दोन्ही करंगळीएवढे वाहायला लागतात. तू आता म्हणशील, मग दाबाचंही गणित मांड. मांडलं. मग पाइपात क्षार साचलेले निघतात. तू म्हणशील, क्षारांचंही मांड. हे तुझं लहानपणापासूनचं आहे. जग चुकलं की तू आणखी मोठं गणित आणतोस आणि म्हणतोस, बघ, बरोबरच होतं. असा माणूस कधी चुकूच शकत नाही. दादा, जो कधी चुकूच शकत नाही त्याच्या भरवशावर मी पोरांना पाण्यात सोडू?

आणखी एक आठवण करून देते. तू तारेचा चौकोन करून त्याची दोन टोकं वर वाकवायचास आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचास. बाहेर काढला की त्यात पातळ पडदा धरलेला असायचा, खोगिरासारखा, सात रंगांचा. मी म्हणायचे, हा तुझ्या वहीतलाच आकार आहे. आणि तू, तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं, मला म्हणाला होतास, "जवळजवळ तोच. अगदी तोच नाही." मला ते इतकं आवडलं होतं! पडद्याला फुंकर मारून मी दिवसभर 'जवळजवळ, जवळजवळ' म्हणत फिरले होते. तुझं पुस्तक मी दोनदा वाचलं. त्यात तो 'जवळजवळ' कुठेच नाही. कुठे हरवलास तो?

पुस्तकाचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकते. तुला वाटतं बाबा तुझ्याशी बोलत नाहीत कारण तू घर सोडून लांब गेलास. साफ चूक. माणसं लांब जातात, त्यात काय. बाबा बोलत नाहीत ते तुझ्या एका वाक्यामुळे. "पहिली फळी ठोकली जाण्यापूर्वीच ते छत अस्तित्वात होते, सुतारांनी ते केवळ डोळ्यांना दिसेल असे केले." बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "म्हणजे मी नुसता पडदा बाजूला ओढला." त्यानंतर त्या पुस्तकाबद्दल एक शब्द नाही, आणि तुझ्याबद्दलही.

त्या "सुतारां"चा मुकादम तुझा बाप होता, रे. ज्यावर काँक्रीट ओतलं तो छताचा लाकडी साचा त्यांनी उभा केला. एवढंसुद्धा लिहायला तुझी शाई संपली होती?

तुला ठाऊक नसेल, बाबांना पोहता येत नाही. तरी ते रोज संध्याकाळी गॅलरीत येऊन बसायचे. बाकीचे लोक पाण्याकडे बघायचे, बाबा मान वर करून छताकडे. काँक्रीटवर अजून त्यांच्या फळ्यांचे वळ आहेत, लाकडाच्या रेषा, गाठीसुद्धा. उताणं पोहणाऱ्याला स्पष्ट दिसतात. पुस्तक आल्यापासून बाबा गॅलरीत आलेले नाहीत.

सहीचं काय करतोस?

तुझी चिडकी
(तूच ठेवलेलं नाव आहे, आता भोग.)


२१ मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. तू कानावर हात ठेवलेस म्हणून मी तोंडावर ठेवणार नाही.

मी खोटं बोलले. पंप जळाला असं समितीला सांगितलं आणि तलाव रिकामा केला. रिकामा तलाव बघवत नाही, पण मला तळाशी उभं राहून वर बघायचं होतं. रंगाऱ्यांकडून परांची मागवली, आणि आमचे पोहण्याचे शिक्षक, ज्यांना सगळे 'शिट्टी' म्हणतात कारण ते घरीसुद्धा गळ्यात शिट्टी घालून जेवतात, त्यांना मदतीला घेतलं.

काय केलं सांगू? तुझाच खेळ केला. दोन मोजपट्ट्यांना भोकं पाडून तू त्यात दोरे ओवले होतेस. मग एक पट्टी पिळलीस. प्रत्येक दोरा ताठ, सरळ, पण सगळ्यांचा मिळून पडदा वाकलेला. "बघ चिडके," तू म्हणालास, "सगळं सरळ, आणि तरी वाकडं." म्हणून तर बाबांना सरळ फळ्यांनी हे वाकडं छत बांधता आलं. प्रत्येक फळी म्हणजे तुझा एक दोरा. त्यामुळे एका फळीच्या वळावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी ताणली, तर ती पूर्ण लांबीभर छताला चिकटून राहायला हवी. नाही राहिली, तर ते तुझ्या कागदावरचं छत नाही. इतकं सोपं. हे मला तुझ्या गणिताने शिकवलं, तुझ्या रागाने नाही.

मला वाटलं होतं छत मधे बसलं असेल आणि दोरी त्याच्या पोटाला अडेल. शिट्टी परांचीवर चढले. दोन्ही कडांना आम्ही दोरी पक्की केली. ते मधे गेले आणि दोरीशी बोटांनी चाचपत राहिले.

मी खालून ओरडले, "काय झालं? अडली का?"

"अडली कुठली, मॅडम! मधे फट आहे. माझी दोन बोटं जातायत. थांबा, तिसरं पण थोडं जातंय."

छत खाली आलेलं नाही, दादा. ते वर आहे. आम्ही जागा बदलून बदलून दोरी लावली. कडांजवळ चिकटते, मधे येईपर्यंत सुटते. प्रत्येक वेळी तसंच. छतं म्हातारी होतात तशी खाली येतात, माणसांसारखीच. आपणहून वर गेलेलं छत मी ऐकलेलं नाही. म्हणजे ते पहिल्या दिवसापासून वर आहे. म्हणजे तुझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे छत आहे ते तुझ्या समीकरणाचं नाही, कधीच नव्हतं. तू ज्या छतासाठी सही दिलीस ते इथे नाहीच. इथे दुसरंच काहीतरी आहे, त्याला कुणाचीच सही नाही, आणि त्याखाली आम्ही इतकी वर्षं पोरांना हात मारायला शिकवतोय.

मला कशाचा राग येतो, सांगू? तुझं गणित निरुपयोगी असतं ना, तर मी हसून सोडून दिलं असतं. ते किती कामाचं आहे! एक दोरी, आणि छताने खरं सांगून टाकलं. गणिताचा उपयोग हाच तर आहे, की जग कुठे त्याचं ऐकत नाही ते आपल्याला पकडता यावं. आणि तू त्याचा उपयोग काय केलास? उशीसारखा डोक्याखाली घेऊन झोपलास. सही करण्याआधी मला फोन करून "चिडके, एक दोरी लाव" एवढं म्हणाला असतास, तर तुझा कमीपणा झाला असता?

आता बाबांना विचारणार आहे. त्यांच्याशिवाय हे कुणाला ठाऊक असणार.

चिडकी


२३ मार्च

दादा,

विचारलं.

बाबा खिडकीशी बसून रंध्याचं पातं पुसत होते. रंधायला काही नसतं, तरी पुसतात. मी म्हटलं, "बाबा, तलावाचं छत मधे वर आहे."

त्यांचा हात थांबला. "वर? वर कसं असेल? बसायला हवं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. ओलं काँक्रीट काय कापूस आहे? ते पडलं की टेकू दबतात, फळ्या दबतात, सगळं खाली येतं. म्हणून मधले टेकू मी दोन बोटं चढे ठेवले होते. दबून दबून बरोबर त्याच्या आकड्यावर आले असते. चांगला सुतार हे करतोच, त्यात काही विशेष नाही."

"दादाला सांगितलं होतं?"

"त्याला कशाला सांगायचं? त्याच्या कागदाला वाईट वाटलं असतं."

मी कपाळाला हात लावला. ते मात्र शांतपणे पुढे बोलत राहिले. म्हणाले, "नवा होता तो. साहेब लोकांसमोर टेकूंच्या उंचीचे आकडे वाचून दाखवायचा, मोठ्या आवाजात. मी चार लोकांत त्याला म्हणू, की बाळा, तुझ्या गणितात ओल्या काँक्रीटचं वजन धरायचं राहिलं? माझाच मुलगा ना तो. मी गुपचूप करून टाकलं. छत उतरलं असतं बरोबर त्याच्या जागी, आणि त्याला वाटलं असतं, आपलं बरोबर आलं."

"अहो बाबा, पण ते त्याच्या जागी उतरलेलं नाही!"

"तेच तर मला कळत नाहीये," ते म्हणाले, आणि जेवेपर्यंत त्यांनी ते पातं खाली ठेवलं नाही. ताटावर बसूनही बोटांनी हवेत काहीतरी मोजत होते. दोन बोटं, पुन्हा दोन बोटं.

मला आता बाबांचाही राग आलाय. कुणावर काढू? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मुलाच्या कागदाला वाईट वाटेल म्हणून बापाने छताचा आकार बदलला, आणि मुलगा पुस्तकात लिहितो की सुतारांनी फक्त ते दिसेल असं केलं! त्यांनी ते वाक्य वाचलं तेव्हा तोंड उघडून का नाही सांगितलं, की अरे शहाण्या, तुझ्या आकड्यांना मी हात लावलाय? नाही. गप्प बसले. या घरात पुरुषांना बोलण्याची ॲलर्जी आहे.

तरी दोन बोटांचं कोडं सुटत नाही. त्यांनी दोन बोटं चढवली आणि ती दबून गेली असं धरलं, तर फट कुठून आली? बाबा म्हणतात, "मी मोजायला चुकलो नाही." मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. तुझ्यावर ठेवू का?

तुझ्याकडे जुने आकडे असतीलच. बघ. आणि या खेपेला कागदावरचं बघू नकोस, ते आकडे लिहिताना तुझ्या मनात काय होतं ते बघ.

चिडकी


२७ मार्च

दादा,

तुझा फोन ठेवून मी पुन्हा लिहायला बसलेय, कारण फोनवर मला नीट ओरडता आलं नाही. ऑफिसात शिट्टी बसले होते आणि चेहऱ्यावर उगाच काळजी आणत होते.

"मीही उचललं होतं."

केवढ्या हळू आवाजात म्हणालास! टेकूंच्या उंचीचे आकडे काढतानाच तू मधे दोन बोटं जास्त धरली होतीस, कारण ओलं काँक्रीट दबतं हे तुलाही ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतंस. आणि बाबांना ते सांगितलं का नाहीस? "त्यांना त्यांचंच काम शिकवल्यासारखं झालं असतं. मी त्यांचा मान राखला." शाबास! त्यांनी तुझा राखला, तू त्यांचा राखलास, आणि मान राखता राखता दोघांनी मिळून छत डबल उचलून ठेवलं. दबायचं ते एकाचंच दबलं, दुसऱ्याचं वर राहिलं. अती तेथे माती म्हणतात ते उगाच नाही. एका ओट्यावर बसून जेवत होतात ना रोज, त्या दिवसांत? आई डबा आणायची, दोघं एकाच डब्यात हात घालायचात. "मी थोडं उचललंय" एवढे तीन शब्द तुमच्या घशाखालून घासासोबत खाली गेले आणि पोटातच राहिले.

आणि वर तू काय पुस्तक लिहिलंस! "समीकरण आणि वास्तू यांत केसाचेही अंतर नाही." केसाचं नाही, तीन बोटांचं आहे, शिट्टीच्या. तू कधी मोजलंच नाहीस. आपल्या हिशेबाने आणि बाबांच्या हातून छत बरोबर जागी उतरणारच, असा तुझा विश्वास होता. सत्य आधीपासून असतं म्हणतोस ना तू? असू दे बापडं. पण ते आहे म्हणून आपण जाऊन बघायचं नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

फोनवर मी तुला विचारलं, मग आता छतातला भार कुठून कसा जातो? आधी तुझे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणालास, "मला माहीत नाही." दादा, इतक्या वर्षांत तू माझ्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. मला रडूच आलं होतं. पण लगेच तू ते नासवलंस. "आधी सगळं नव्याने मांडतो, महिनाभर लागेल, मग समितीला कळवतो."

महिना? ऐक इथली बातमी. पंप जळालेला नाही हे अध्यक्षांना कळलं. मला खुलासा मागणारा मेमो आलाय, तो मी चहाच्या कपाखाली ठेवलाय. मी त्यांना दोरीचं सांगितलं, फटीचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, एका बाजूला तुमची सुतळी, दुसऱ्या बाजूला एवढ्या मोठ्या माणसाची सही. मी कशावर जाऊ?" आणि त्यांनी दोन्ही नळ सोडायला लावले. आत्ता मी लिहितेय आणि पाणी चढतंय. शिडीच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या. सोमवारी सकाळी वर्ग सुरू. ती बिस्कीटवाली पोरगी आत्ताच पालकांबरोबर येऊन विचारून गेली, "सोमवारी नक्की ना?"

मला तुझं नवं गणित नको. नंतर मांड, हवं तेवढं मोठं मांड, मी स्वतः तुला दोरीची मापं पाठवते. आत्ता मला तुझी जुनी सही परत हवी. तुझं नाव खराब होईल, मान्य. मुखपृष्ठावरचं छत तुझं नाही हे जगाला कळेल, मान्य. लोक हसतील. मीही हसेन, सगळ्यात जोरात. पण तुझ्या तोंडून जे सहज निघालं तेच कागदावर उतरव. "मला माहीत नाही." इतकंच. त्या तीन शब्दांत जेवढं गणित आहे तेवढं तुझ्या अख्ख्या पुस्तकात नाही.

आणि सोमवारपर्यंत ते आलं नाही, तर मी त्या पोरीच्या वर्गाआधी दारात आडवी पडेन. हे मी समीकरणासारखं सांगतेय. यात जवळजवळ नाही.

चिडकी


२ एप्रिल

दादा,

तुझी तार म्हणू, पत्र म्हणू, जे काही माणसाच्या हाती पाठवलंस ते रविवारी आलं. अध्यक्षांनी वाचलं, खाली बसले, पाणी मागितलं. तुझं पहिलं पत्र फलकावरून त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं आणि हे लावलं. टाचणी बोटात घुसली त्यांच्या. मला वाईट वाटलं नाही.

सोमवारी तलाव उघडला नाही, भरलेलं पाणी पुन्हा सोडून दिलं. ती पोरगी दारातल्या फलकापाशी उभी राहून हात कमरेवर ठेवून वाचत होती. तिला सगळं कळलं नसेल, पण तिने मला विचारलं, "म्हणजे छताला कुणी विचारलंच नव्हतं?" मी म्हटलं, "नाही ना."

घरी आल्यावर मी त्याची नक्कल बाबांना वाचून दाखवली. तू लिहिलेलं तुलाच परत लिहिते, म्हणजे तुला कळेल ते कसं ऐकू येतं:

"माझे आधीचे पत्र रद्द समजावे. हे छत मी मांडलेले नाही आणि माझ्या वडिलांनी बांधलेलेही नाही. ते आम्ही दोघांनी एकमेकांशी न बोलता केले आहे. ते कशाच्या बळावर उभे आहे, हे मला माहीत नाही. कृपया त्याखाली कुणालाही उभे करू नये."

बाबांनी पातं बाजूला ठेवलं. "पुन्हा वाच," म्हणाले. वाचलं. मग त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा पुसला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"वडिलांनी."

"सुतारांनी नाही?"

"नाही, बाबा. वडिलांनी."

त्यानंतर ते उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिले. पाणी वाया गेलं.

काल त्यांनी स्वतःहून चपला घातल्या आणि तलावावर आले. गॅलरीत बसले नाहीत, रिकाम्या तलावाच्या तळाशी उतरले, माझा खांदा धरून. समितीने नेमलेली इंजिनिअर बाई तिथे होती. सध्या छताला खालून टेकू लावून धरायचं, मग मोजमाप, मग पुढचं, असं तिचं म्हणणं. हुशार आहे, तोंडाळही आहे, मला आवडली. तिने विचारलं, टेकू कुठे नुसते टेकवायचे आणि कुठे थोडा भार घेऊन घट्ट करायचे, हे जुन्या माणसांपैकी कुणाला सांगता येईल का. बाबा वर बघत होते. त्यांच्या फळ्यांच्या गाठी त्यांना अजून ओळखू येतात. "ही आंब्याची होती," असं काहीतरी पुटपुटत होते.

माझा राग गेलेला नाही, गैरसमज नको. समोर आलास की पहिली शिवी माझी. पुस्तकातून छताचा फोटो काढायच्या गोष्टी करत होतास, तो मुळीच काढू नकोस. खाली 'जवळजवळ' लिही. आणि त्या वाक्यातल्या सुतारांना त्यांचं नातं दे.

पण आत्ता सगळं टाकून ये. मी बोलावत नाहीये. इंजिनिअर बाईने बाबांना दुसऱ्यांदा विचारलं, "आजोबा, मधे किती उचलून घट्ट करायचं?" तेव्हा बाबांनी दोन बोटं वर केली, थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला म्हणावं, ये. या वेळी विचारून उचलू."

चिडकी